ओला करून बघ

कोरड्या दगडाला काही विचारू नकोस,
ताजेल्सिर म्हणतो, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत.
कोरडे सगळे सारखेच.
आधी ओला कर. पाणी लांब असेल
तर थुंकी लाव, लाजू नकोस.

झाखेरच्या तळ्याकाठी शुक्रवारची सकाळ.
तळं तरी कसलं, अल ऐन शहरानं
वापरून, गाळून वाळूत सोडलेलं पाणी,
माझ्या पहिल्या व्हिसाहून थोडंसंच वडील.
पण काठावरचे गोटे हफीतच्या डोंगरातले,
आणि हफीत, तो म्हणतो, समुद्राचा तळ होता.
कधी?
तीन कोटी वर्षं, असं सहज सांगतो,
जसं दुकानात उधारीचा आकडा सांगतो,
आणि जलाबिया गुडघ्यापर्यंत धरून
पुढं पाण्यात शिरतो.

ओळखायचं कसं, तर असं:
पांढुरक्या पाठीवर पाणी पसरलं
की चांदण्या उमटतात, एकीला एक खेटून.
एकीचे आरे मोज. सहा, बारा, चोवीस.
सहाच्या पाढ्यात बसले तर प्रवाळ.
नाण्यासारखा चपटा, फुटल्यावर आत जिलबीचा पीळ,
तो दुसराच कुणी जीव;
तोही ठेव, पण वेगळ्या खिशात.
व्हिनेगरच्या थेंबाला फसफसला नाही, तर गारगोटी.
आणि आत खडी दिसली, वेडीवाकडी, कसल्याच रांगेत नसलेली,
तर ते काँक्रीट, आपल्यासारख्यांनीच ओतलेलं.
पाण्यानं गोल केलं म्हणून कुणी जुनं होत नाही.

मी माणचा. आमच्याकडं दगड म्हणजे काळा,
आगीतून आलेला. त्यात कुणी मेलं नाही,
कारण कुणी जगलंच नव्हतं.
त्याच्यावर रेघ मारली की कायमची, म्हणतात.
इथं सोळा वर्षं मी फरशी घासतो.
मशीनला आधी साठ नंबर, मग दोनशे, मग आठशे,
खालून पाणी वाहतं दुधासारखं,
आणि कधी कुणाच्या तरी हॉलमध्ये
क्रीम रंगाच्या फरशीत एखादी चांदणी उघडी पडते.
मी तिला चमक आणतो.
फोरमन बदरुद्दीन म्हणतो, डाग आहे, बदल.

मंगळवारी कार्ड नवं करायला गेलो.
काचेवर अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, पुन्हा.
तर्जनी. पुन्हा.
मधलं बोट. लाल दिवा.
मागं रांग खाकरायला लागली.
काउंटरवरच्या मुलीनं, मैथा लिहिलं होतं छातीवर,
ओला टिश्यू पुढं सरकवला.
पूस. आता जोरात दाब.

काशाआत्यानं बारशाला मोजली होती म्हणे
दहा बोटांवर सात चक्रं, तीन शंख.
बसून खाईल पोरगा, म्हणाली होती.
ती चक्रं कुठल्या कुठल्या लॉबीत गेली,
मला आता पत्ते सांगता यायचे नाहीत.
नऊ बोटांना मशीननं ओळख दिली नाही.
दहावी, डाव्या हाताची करंगळी,
जी मुठीवर नीट बसत नाही म्हणून
मी कायम उचलून धरतो,
तिला हिरवा दिवा लागला.

हे सांगितलं तेव्हा ताजेल्सिर हसला नाही.
माझा अंगठा धरला, तळ्यात बुडवला,
उन्हाकडं तिरका केला,
चष्मा कपाळावर ढकलून
गोटा बघतो तसा बघितला.
बराच वेळ.
मग म्हणाला, आहे.
कडेला, नखाजवळ. बारीक.

निघताना एक गोटा त्यानं परत टाकला,
फार झिजलाय, काही सांगता येत नाही.
तो मी उचलून डब्यात ठेवला,
चपातीच्या रिकाम्या कप्प्यात.
खोलीवर पोचेपर्यंत कोरडा झाला होता.
बाकीचे मॅच बघत होते.
मी मोरीतला नळ सोडला.